आधी जहाजं वळवली, मग परवानगी विचारली: १९४२ मधल्या कर्टिन–चर्चिल तारा

ज्यांना पाऊण तास कानात घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी गोष्ट तीच आहे.

तर कल्पना करा. फेब्रुवारी १९४२. हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियन सैनिकांनी भरलेली जहाजं चालली आहेत. मध्यपूर्वेत लढून थकलेले लोक. आपण नक्की कुठे चाललोय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत ते त्यांच्या स्वतःच्या पंतप्रधानांनाही नीट माहीत नव्हतं.

जहाजांचं तोंड लंडनहून उत्तरेकडे, रंगूनच्या दिशेने वळवलं गेलं होतं. ऑस्ट्रेलियाने मात्र "आमची माणसं घरी पाठवा" असं आधीच स्पष्ट कळवलेलं होतं.

आजचा भाग या जहाजांवरून उडालेल्या तारांचा. तीन माणसं: लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल, वॉशिंग्टनमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आणि ऑस्ट्रेलियात जॉन कर्टिन. तिघं एकाच बाजूचे. शत्रूशी भांडण सगळ्यांना कळतं. दोस्तांमधलं भांडण कसं असतं, ते या तारांमध्ये दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलिया तेव्हा ‘डोमिनियन’ होता. म्हणजे स्वतःची संसद, स्वतःचा पंतप्रधान, स्वतःचं सैन्य. पण राजा ब्रिटनचाच आणि परराष्ट्र धोरणात लंडनकडे बघायची सवय. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस रेडिओवर आले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा होता की ब्रिटन युद्धात उतरलाय, म्हणून आपणही उतरलोय. विषय संपला.

मग ऑस्ट्रेलियाने आपल्या चांगल्या डिव्हिजन जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवल्या. सहावी, सातवी आणि नववी मध्यपूर्वेत, आठवीचा मोठा भाग मलायात. लोकसंख्या किती? साधारण सत्तर लाख. आज एकट्या पुणे महानगरात त्याच्या आसपास माणसं राहतात. एवढ्या लोकांनी अख्खा खंड सांभाळायचा आणि वर सैन्य बाहेर पाठवायचं.

हे त्यांनी कशाच्या भरवशावर केलं? सिंगापूरच्या. ब्रिटनने तिथे मोठा नौदल तळ बांधला होता. सांगणं असं की जपानने गडबड केलीच, तर ब्रिटिश आरमार सिंगापूरला येईल आणि ऑस्ट्रेलियाचं रक्षण करेल. विम्यासारखंच होतं हे. ऑस्ट्रेलिया वर्षानुवर्षं हप्ते भरत होता: माणसं, पैसा, निष्ठा.

डिसेंबर १९४१ मध्ये क्लेम करायची वेळ आली. ७-८ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बर आणि मलायावर हल्ला केला. १० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका जपानी विमानांनी मलायाजवळ बुडवल्या. येणार म्हणून सांगितलेलं आरमार ते हेच, आणि ते तीन दिवसांत तळाला गेलं.

पत्रकार पंतप्रधान

जॉन कर्टिन ऑक्टोबर १९४१ मध्येच पंतप्रधान झाले होते. मजूर पक्षाचे. आधी कामगार चळवळीतले पत्रकार. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीला विरोध केलेला माणूस, आणि आता याच माणसावर युद्ध चालवायची पाळी आली होती.

२७ डिसेंबर १९४१ ला मेलबर्नच्या ‘हेरल्ड’ वर्तमानपत्रात त्यांचा नव्या वर्षाचा संदेश छापून आला. त्यात त्यांनी उघडच लिहिलं की ऑस्ट्रेलिया आता अमेरिकेकडे बघतो, आणि ब्रिटनशी असलेल्या जुन्या नात्यामुळे असं म्हणताना आम्हाला कुठलीही टोचणी लागत नाही. लंडनमध्ये चर्चिल भडकले. घरातलं बोलणं कर्टिन यांनी चव्हाट्यावर आणलं होतं ना!

इथून तारांना धार चढली. चर्चिल यांना जाणाऱ्या कर्टिन यांच्या तारांवर ‘जोहक्यू’ अशी खूण असायची, म्हणजे जॉन कर्टिन. उलट्या दिशेने येणाऱ्या तारांवर ‘विंच’, म्हणजे विन्स्टन चर्चिल. एखाद्या ग्रुपमधली युजरनेमच वाटतात. फक्त इथे प्रत्येक मेसेज आधी सांकेतिक लिपीत घालायचा, पाठवायचा, पलीकडे उलगडायचा, मग मंत्रिमंडळापुढे ठेवायचा आणि मग उत्तर लिहायचं. लंडनमध्ये रात्र व्हायला लागली की ऑस्ट्रेलियात दुसरा दिवस उजाडायचा. या सगळ्या वेळात जहाजं थांबत नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२३ जानेवारी १९४२. सिंगापूरकडे निघालेली कुमक ब्रह्मदेशाकडे वळवावी का, असा विचार लंडनमध्ये सुरू असल्याचं ऑस्ट्रेलियाला कळलं. लगेच तार गेली. आम्हाला जी आश्वासनं दिली, त्यानंतर सिंगापूर सोडणं हा अक्षम्य विश्वासघात मानला जाईल, असं त्या तारेत होतं. दोस्ताला लिहायचे शब्द नव्हेत हे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही तार बरोबरच होती, असं मी म्हणणार नाही. सिंगापूर वाचण्याच्या पलीकडे गेलं होतं. तरीही ब्रिटिशांची अठरावी डिव्हिजन तिथे उतरवली गेली आणि ती थेट कैदेत गेली. एकट्या या तारेमुळे ते झालं असं नाही, पण तिचं वजन नक्की पडलं. म्हणजे छोट्या देशाने आवाज चढवला की तो आपोआप शहाणाच ठरतो, असं काही नसतं.

१५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ऑस्ट्रेलियाच्या आठव्या डिव्हिजनसकट साधारण पंधरा हजार ऑस्ट्रेलियन कैदी झाले.

जहाजं कोणाची?

आता गाभ्याकडे येऊ. सहावी आणि सातवी डिव्हिजन मध्यपूर्वेतून निघाल्या होत्या. मूळ बेत त्यांना जावा-सुमात्रात उतरवायचा होता. पण सिंगापूर पडल्यावर जावाही हातचं गेल्यात जमा होतं. मग या लोकांना न्यायचं कुठे?

ऑस्ट्रेलियाचे लष्करप्रमुख व्हर्नन स्टर्डी यांनी सरकारला सरळ सल्ला दिला: घरी आणा. आपली तयार, लढलेली फौज हीच आहे. बाकी घरी आहे ती बरीचशी अर्धवट शिकलेली. जपानविरुद्ध उद्या उलटा हल्ला करायचा, तर त्यासाठी तळ लागेल, आणि तो तळ ऑस्ट्रेलियाच असू शकतो. कर्टिन यांनी हा सल्ला मानला आणि १७ फेब्रुवारीला लंडनला तसं कळवलं.

दोनच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, जपानी विमानांनी डार्विनवर बाँब टाकले. पहिल्या हल्ल्यात १८८ विमानं होती. बंदरात आणि गावात मिळून दोनशे तीसहून जास्त माणसं मेली. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर झालेला हा पहिलाच असा हल्ला. धोका आता नकाशावरचा बाण राहिला नव्हता.

याच वेळी चर्चिल यांची नजर रंगूनवर होती. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता, तोही ऐकून घेऊ. जपानशी लढणाऱ्या चीनला बाहेरून मदत पोचायची ती रंगून बंदरातून रेल्वेने लाशिओपर्यंत आणि पुढे बर्मा रोडने कुनमिंगपर्यंत. रंगून गेलं की हा रस्ता तुटणार. चीन कोलमडला, तर तिथे अडकून पडलेलं जपानी सैन्य मोकळं होणार. रूझवेल्ट यांनाही चीनची फार काळजी होती.

२० फेब्रुवारीला चर्चिल यांनी कर्टिन यांना तार केली. सारांश असा: रंगूनला वेळेत पोचू शकेल अशी फौज आत्ता जगात एकच आहे, आणि ती तुमची आहे. पुढे जरा वेगळा सूर लागतो. तुम्ही अमेरिकेवर अवलंबून आहात, आणि तुम्ही नकार दिला तर राष्ट्राध्यक्षांवर आणि वॉशिंग्टनमधल्या मंडळींवर त्याचा फार वाईट परिणाम होईल, असं चर्चिल कळवतात. विनंतीच्या कागदात गुंडाळलेली धमकीच ही.

त्याच दिवशी रूझवेल्ट यांचीही तार आली. सूर मऊ. आम्ही तुमच्याकडे आणखी अमेरिकन सैन्य पाठवतोय, ही एक डिव्हिजन तेवढी ब्रह्मदेशाला द्या. एवढंच नाही, ऑस्ट्रेलियाची लंडनमधली स्वतःची माणसं, हाय कमिशनर स्टॅनली ब्रूस आणि विशेष दूत अर्ल पेज, हेही रंगूनच्या बाजूने झुकले होते. म्हणजे कर्टिन यांच्यावर तिन्ही बाजूंनी दाब.

कर्टिन यांनी नाही म्हटलं. त्यांच्या उत्तरात एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ते लिहितात की आमचं सैन्य मलाया आणि सिंगापूर वाचवायला वापरलं, मग डच बेटं वाचवायला वापरायचं ठरलं, आता ब्रह्मदेश. आणि हे सगळं ग्रीसप्रमाणेच, पुरेशा विमानांच्या आधाराशिवाय. ग्रीसचा उल्लेख उगाच नाही. १९४१ मध्ये ग्रीस आणि क्रीटच्या मोहिमांत हजारो ऑस्ट्रेलियन कैदेत गेले होते. कर्टिन यांचं म्हणणं, ही चूक आम्ही आधी एकदा तुमच्या शब्दावर केलेली आहे.

वरातीमागून घोडं

आता ती तार, जिच्यासाठी मी हा भाग केला.

२२ फेब्रुवारीला चर्चिल यांनी कळवलं: तुम्ही आमची आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची विनंती नाकाराल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. तुमच्या औपचारिक होकाराची वाट बघण्यात वेळ जाऊ नये म्हणून आम्ही जहाजं तात्पुरती उत्तरेकडे वळवली. आणि आता ती इतकी उत्तरेला गेली आहेत, की त्यातल्या काहींना इंधन भरल्याशिवाय ऑस्ट्रेलिया गाठता येणार नाही.

नीट बघा काय झालंय. आधी निर्णय अमलात आणला. मग परवानगीसाठी मेसेज. आणि मेसेजमध्येच सांगितलं की आता मागे फिरणं अवघड आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला हे वाचताना एका शुक्रवारची संध्याकाळ आठवली. एका जुन्या प्रोजेक्टवर वरिष्ठांनी रिलीज प्रॉडक्शनला ढकलला आणि नंतर मला निरोप, "अप्रूव्हल देऊन टाक." मी म्हटलं, मला यात अडचण दिसतेय. उत्तर आलं, "आता रोलबॅक केला तर डेटाबेस बिघडेल." माझं मत विचारलंच नव्हतं. माझी सही हवी होती. तिथे फार तर शनिवार-रविवार वाया गेला. इथे हजारो माणसांचे जीव होते. पण अडकवायची पद्धत तीच. मराठीत याला नेमका शब्द आहे: गृहीत धरणं.

२३ फेब्रुवारीला कर्टिन यांचं उत्तर गेलं. त्यांनी ना आरडाओरडा केला, ना माफी मागितली. तुम्ही आमची संमती केवळ एक उपचार मानलीत, असं त्यांनी लिहिलं. जहाजं वळवून तुम्ही त्यांचा धोका वाढवलात, आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी तुमची. पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आम्ही बदलू शकत नाही. ऑस्ट्रेलिया वाचवणं हे आमचं पहिलं कर्तव्य आहे, आणि ते केवळ आमच्यासाठी नाही, तर जपानविरुद्ध लढायला तळ शिल्लक राहावा म्हणूनही.

शेवटचा मुद्दा हुशारीचा आहे. ‘आमचं घर’ एवढंच म्हटलं असतं, तर स्वार्थी ठरले असते. त्यांनी दोस्तांच्याच फायद्याची भाषा वापरली.

चर्चिल नमले. जहाजं फिरली, इंधनासाठी कोलंबोला गेली आणि तिथून ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागली. त्यानंतरचे दिवस कर्टिन यांच्यासाठी सगळ्यात वाईट. मोठा समुद्र, जपानी आरमाराची भीती, जहाजांना पुरेसं संरक्षण नाही. ती बुडाली असती, तर हजारो घरांचा शाप एकट्या कर्टिन यांना लागला असता. त्या रात्री त्यांना झोप लागायची नाही, कॅनबेरातल्या निवासस्थानाच्या आवारात ते येरझाऱ्या घालायचे, असं त्यांच्या जवळच्या लोकांनी नंतर सांगितलंय. मार्चमध्ये सैन्य अॅडलेडला सुखरूप उतरलं.

मग बरोबर कोण ठरलं?

रंगून ८ मार्चला जपान्यांच्या हाती गेलं. सातवी डिव्हिजन तिथे उतरून काही बदललं असतं का? फारसं नाही, असंच बहुतेकांचं मत आहे. जहाजं लढाईच्या तयारीने भरलेलीच नव्हती. माणसं एका जहाजात, त्यांची शस्त्रं आणि गाड्या दुसऱ्यात. उतरल्या उतरल्या लढणं शक्य नव्हतं. याचा नमुनाही मिळाला. ‘ऑरकेडीस’ हे वेगवान जहाज बाकीच्यांच्या पुढे जाऊन जावाला पोचलं होतं. त्यातले सैनिक तिथे उतरवले, आणि मार्चमध्ये जावा पडलं तेव्हा ते कैदेत गेले.

परत आलेल्या सातव्या डिव्हिजनचं काय? त्याच वर्षी ऑगस्टपासून न्यू गिनीत, मिल्न बे आणि कोकोडाच्या डोंगरवाटेवर, याच डिव्हिजनच्या ब्रिगेड लढल्या. मिल्न बेला जपानी सैन्याला माघार घ्यावी लागली, आणि २ नोव्हेंबरला कोकोडा परत घेतलं. घरी आणलेली फौज घराच्या उंबऱ्यावर कामी आली.

एक दुरुस्तीही करतो. जपान ऑस्ट्रेलिया जिंकायला निघालाच होता, असं आपण सहज बोलतो. जपानी नौदलातल्या काहींना ते हवं होतं, पण एवढं सैन्य कुठून आणायचं म्हणून त्यांच्या लष्कराने नकार दिला. कर्टिन यांना हे अर्थातच माहीत नव्हतं. डार्विन बघून त्यांनी ठरवलं, आणि ते योग्यच होतं.

वॉशिंग्टनच्या नाराजीची धमकी? तिचं काहीच झालं नाही. रूझवेल्ट यांनी कळवलं की तुमचं पूर्ण पटलेलं नाही, पण तुमची बाजू समजते. अमेरिकन सैन्य आलंच, १७ मार्चला जनरल मॅकआर्थरही ऑस्ट्रेलियात पोचले. कर्टिन यांनीही ताणून धरलं नाही. सहाव्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड काही महिने श्रीलंकेच्या रक्षणासाठी ठेवायला त्यांनी स्वतःहून तयारी दाखवली. नववी डिव्हिजन एल अलामेनची लढाई होईपर्यंत मध्यपूर्वेत राहू दिली. नकार एका गोष्टीला होता, दोस्तीला नाही.

आणि आपण?

हे वाचताना मला सारखं वाटत होतं: ज्या दिवशी कर्टिन यांची शेवटची तार गेली, त्या दिवशी रंगूनच्या वाटेवर कोण लढत होतं? सतरावी इंडियन डिव्हिजन. २३ फेब्रुवारीच्या पहाटे सितांग नदीवरचा पूल ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकुमाने उडवला गेला, तेव्हा या डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या काठावर अडकला होता. भारतीय आणि गुरखा सैनिकांना पोहत, बांबूला धरून नदी ओलांडावी लागली. कित्येक बुडाले. मार्चच्या सुरुवातीला रंगूनला उतरली, तीही नवखी भारतीय ब्रिगेडच.

त्यांच्यासाठी कोणी कोणाला तार केली नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर केलं होतं. निषेध म्हणून काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली, त्यात मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळही होतं. पण राजीनामा देता येत होता, जहाज फिरवता येत नव्हतं. ऑस्ट्रेलियाला चर्चिल यांनी गृहीत धरलं, तरी निदान विचारायचं नाटक करावं लागलं. आपल्याला तेवढंही नाही.

शेवटची एक नोंद. डोमिनियनच्या संसदांना पूर्ण कायदेशीर स्वातंत्र्य देणारा ‘स्टॅट्यूट ऑफ वेस्टमिन्स्टर’ १९३१ चा. ऑस्ट्रेलियाने तो अकरा वर्षं स्वीकारलाच नव्हता. ऑक्टोबर १९४२ मध्ये, कर्टिन यांच्या सरकारने, तो स्वीकारला. आणि लागू कधीपासून केला? मागच्या तारखेने, ३ सप्टेंबर १९३९ पासून. म्हणजे बरोबर त्या दिवसापासून, ज्या दिवशी मेंझिस म्हणाले होते की ब्रिटन युद्धात, म्हणून आपणही.

कर्टिन युद्धाचा शेवट बघू शकले नाहीत. ५ जुलै १९४५ ला, जपानच्या शरणागतीच्या काही आठवडे आधी, ते गेले.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्हालाही कोणी आधी करून मग "हो म्हण ना" असं विचारलं असेल, तर तो किस्सा व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक किस्से पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवतो. भेटू!